घरचा व्हीपीएन आणि अपलोडचा वेग : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या स्तंभाकडे ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे : घरच्या ब्रॉडबँडवर स्वतःचा व्हीपीएन सर्व्हर चालवणे, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंत इंटरनेटवरून स्वतःची कूटबद्ध वाट उभारणे. घराबाहेर असतानाही घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षितपणे शिरता यावे आणि घरच्या डिस्कवरील कागदपत्रे हाताशी असावीत, ही गरज रास्त आहे. तिच्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि ते उत्तम दर्जाचे आहे. वाचक अडतात ते बहुधा सॉफ्टवेअरपाशी अडत नाहीत, घरात आलेल्या जोडणीपाशी अडतात. या अंकात पाच पत्रे घेतली आहेत. पहिल्या दोन पत्रांना अधिक जागा दिली आहे, कारण न छापलेल्या बहुतेक पत्रांतील अडचणींचे मूळ त्या दोहोंत सापडते.

प्रश्न : मी घोडबंदर रस्त्यावर वाघबीळ येथे राहतो आणि नोकरीनिमित्त सोमवार ते शुक्रवार पुण्यात असतो. घरी २०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. एका लहान संगणकावर वायरगार्ड हे व्हीपीएनचे सॉफ्टवेअर बसवले असून त्याला कुटुंबाच्या छायाचित्रांची डिस्क जोडली आहे. पुण्याच्या खोलीवर १०० एमबीपीएसची जोडणी असूनही घरून फाइल घेताना वेग १८ एमबीपीएसच्या वर जात नाही. शिवाय मी मोठी फाइल घेत असलो की घरी मुलीचा ऑनलाइन वर्ग अडखळतो. कंपनीच्या मदत केंद्राने तपासून वेग पूर्ण असल्याचे सांगितले. चूक माझ्या मांडणीत आहे की त्यांच्या जोडणीत?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आपल्या पत्रात एक आकडा राहून गेला आहे आणि सारे उत्तर त्याच आकड्यात आहे. तो म्हणजे घरच्या जोडणीचा अपलोडचा वेग. आपण दिलेल्या माहितीवरून तो २० एमबीपीएसच्या जवळपास असावा असे मला वाटते. तसे असेल तर आपली मांडणी बरोबर आहे आणि जोडणीतही बिघाड नाही. मदत केंद्राने वेग पूर्ण असल्याचे सांगितले ते डाउनलोडविषयी सांगितले.

पुण्यात बसून आपण घरच्या डिस्कवरील छायाचित्र मागवता तेव्हा आपल्या लेखी ते डाउनलोड असते, परंतु घरच्या जोडणीच्या लेखी ते बाहेर पडणारे, म्हणजे अपलोड असते. हीच गोष्ट घरच्या व्हीपीएनमार्गे एखादे संकेतस्थळ उघडतानाही घडते. ते पान आधी २०० एमबीपीएसच्या वाटेने आपल्या घरी येते आणि मग २० एमबीपीएसच्या वाटेने घराबाहेर पडून पुण्याला पोहोचते. घरची २०० आणि पुण्याची १०० या दोन्ही आकड्यांना येथे काही अर्थ उरत नाही, कारण मधली सर्वांत अरुंद वाट २० चीच आहे.

वायरगार्ड स्वतः किती वेग घेते, हेही पाहायला हवे. इंटरनेटवरून माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जाते आणि प्रत्येक पॅकेटवर ते आपले आवरण चढवते. इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत हे आवरण ६० बाइटांचे आणि नव्या आयपीव्ही६ पद्धतीत ८० बाइटांचे होते. आतले पॅकेट सर्वसाधारणपणे १,४२० बाइटांचे असल्यामुळे हा खर्च चार ते साडेपाच टक्क्यांत बसतो. २० मधून तो वजा केला, फाइल वाहून नेणाऱ्या टीसीपीचा स्वतःचा भार वजा केला, की अठरा-साडेअठरा उरतात. आपला आकडा इतका नेमका जुळतो की माझ्या अंदाजाविषयी मला फारशी शंका वाटत नाही. या वेगाने ४० जीबी छायाचित्रे पुण्यात आणायला जवळजवळ पाच तास लागतील, कारण एमबीपीएसमधील ‘बी’ बिटचा असतो आणि आठ बिटांचा एक बाइट होतो.

अपलोड इतके कमी का, याचे उत्तर जोडणीच्या प्रकाराप्रमाणे बदलते. दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवर चालणाऱ्या एडीएसएलमध्ये कारण भौतिक होते. त्या पद्धतीत अपलोडला सुमारे २६ ते १३८ किलोहर्ट्झ एवढीच पट्टी मिळे आणि तिच्यावरची १,१०४ किलोहर्ट्झपर्यंतची सारी पट्टी डाउनलोडला दिलेली असे. ठाणे-नवी मुंबईत ज्यांनी महानगर टेलिफोन निगमची ट्रायबँड जोडणी वापरली आहे, त्यांना ईमेलला जोडलेले एखादे मोठे छायाचित्र जाता जाता किती वेळ लागे ते आठवत असेल. फायबरमध्ये ती मर्यादा बरीच सैल झाली. आपल्याकडे घरोघरी प्रामुख्याने वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत एकाच काचतंतूवर दोन वेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश धावतो. १,४९० नॅनोमीटरवर घराकडे येणारी माहिती २.४८८ गिगाबिट वेगाने आणि १,३१० नॅनोमीटरवर घरातून जाणारी माहिती १.२४४ गिगाबिट वेगाने. हा वेग एका पोर्टवरील ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो आणि अपलोड करताना प्रत्येक घराच्या ओएनटीला (घरात फायबर ज्या डबीत येऊन थांबतो तिला) आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने अपलोड केले तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएसच्या आसपास येतील. पण तसे सहसा घडत नाही. त्यामुळे एका घराला १०० किंवा २०० एमबीपीएस अपलोड देणे या पद्धतीत सहज शक्य आहे आणि काही कंपन्या ते देतातही.

आपल्या भागात तिसरा प्रकारही मोठ्या प्रमाणावर आढळतो. इमारतीपर्यंत फायबर येते, जिन्यातील किंवा गच्चीवरील पेटीत एक स्विच असतो आणि तिथून प्रत्येक सदनिकेत साधी लॅन केबल जाते. लॅन केबलचा वेग दोन्ही दिशांना सारखाच असतो. अशा जोडणीत डाउनलोड १०० आणि अपलोड १० मिळत असेल, तर ती तारेची मर्यादा नसते. कंपनीने योजना आखताना लावलेली मर्यादा असते आणि ती बदलून मागता येते. जाहिरातीत डाउनलोडचा आकडा हातभर मोठा छापायचा आणि अपलोडचा उल्लेखच करायचा नाही, ही पद्धत मला ग्राहकावर अन्याय करणारी वाटते. घरून काम, ऑनलाइन वर्ग, कॅमेरे, छायाचित्रांचे बॅकअप या साऱ्यांची मदार अपलोडवर आहे. मी स्वतः काही वर्षांपूर्वी १०० ची योजना सोडून ३०० ची घेतली आणि अपलोड जागच्या जागी राहिल्याचे महिनाभराने माझ्या ध्यानात आले. तेव्हापासून नवी योजना घेण्यापूर्वी अपलोडचा आकडा मी लेखी मागतो. आपणही तसेच करावे.

मापन करताना संगणक वाय-फायवर न ठेवता लॅन केबलने राउटरला जोडावा, त्या वेळी घरात दुसरे काही चालू नसावे, आणि सकाळी एकदा व रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान एकदा असे निदान तीन-चार दिवस मोजावे. सर्व वेळी आकडा १८-२० वरच थांबत असेल तर ती योजनेची मर्यादा आहे. दिवसा ९० आणि रात्री २५ असा फरक पडत असेल तर वाटून घेतलेल्या जोडणीवर ताण आहे आणि त्याची तक्रार करता येते. डाउनलोड आणि अपलोड दोन्ही ९४-९५ वर अडत असतील, तर राउटरचे किंवा मधल्या स्विचचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहे, अथवा केबलमधील एखादी जोडी तुटली आहे असे समजावे. आपली २०० ची जोडणी त्यात आधीच अडकलेली नाही ना, हे या निमित्ताने पाहून घ्या.

आता मुलीच्या वर्गाविषयी. आपण फाइल घेता तेव्हा घरचे अपलोड पूर्ण भरते. ओएनटी किंवा राउटर बाहेर पडू न शकलेली पॅकेटे टाकून देण्याऐवजी आपल्या स्मृतीत रांगेत उभी करतो आणि मुलीच्या आवाजाची छोटी पॅकेटे त्याच रांगेत आपल्या फाइलच्या मागे अडकतात. एरवी काही मिलिसेकंदांत होणारा प्रवास शेकडो मिलिसेकंदांवर जातो. एवढेच नाही, तर डाउनलोडच्या पोचपावत्याही अपलोडच्याच वाटेने जात असल्यामुळे घरातील डाउनलोडसुद्धा मंदावते आणि घरच्यांना इंटरनेट बंद पडल्यासारखे वाटते. यावर उपाय जुनाच आणि सिद्ध झालेला आहे. २०१२ मध्ये मांडल्या गेलेल्या कोडेल या पद्धतीवरून एफक्यू-कोडेल आणि नंतर केक ही रांगा सांभाळणारी तंत्रे तयार झाली आणि ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर चालवणाऱ्या राउटरांत ती एसक्यूएम या नावाने मिळतात. त्यात अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत १७-१८ एमबीपीएस, अशी ठेवावी. रांग मग ओएनटीत न साचता आपल्या राउटरच्या ताब्यात राहते आणि तो लहान पॅकेटांना वेळेवर वाट करून देतो. राउटर बदलायचा नसेल तर फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्येच १२ एमबीपीएसची मर्यादा घालावी. साधा उपाय आहे, पण वर्गाच्या वेळेपुरता पुरतो.

आणखी एक बदल अवश्य करावा. पुण्याच्या लॅपटॉपवरील वायरगार्डच्या मांडणीत ‘अलाउड आयपीज’ या ओळीत शून्यांचा पत्ता (०.०.०.०/०, म्हणजे सगळेच पत्ते) लिहिला असेल, तर आपली सगळी वाहतूक, अगदी तिथे पाहिलेले व्हिडिओसुद्धा, वाघबीळच्या घरातून फिरून येतात. त्या ओळीत केवळ घरच्या नेटवर्कचा पत्ता लिहिला की घरची कामे तेवढी व्हीपीएनमधून जातील आणि बाकीचे थेट पुण्याच्या जोडणीवर जाईल. घरचे नेटवर्क १९२.१६८.१ या मालिकेत असेल तर तीही आजच बदलून ठेवा. असंख्य राउटर हीच मालिका घेऊन येतात. पुण्याच्या खोलीतील राउटरही त्याच मालिकेत निघाला तर घरची डिस्क नेमकी कोणत्या बाजूला आहे हे लॅपटॉपला कळत नाही.

प्रश्न : खारघरमधील आमच्या सोसायटीत स्थानिक कंपनीची जोडणी आहे. अपलोड १०० एमबीपीएस मिळते, म्हणून मी उत्साहाने व्हीपीएन सर्व्हर उभारला. घरच्या वाय-फायवरून फोन जोडला की तो चालतो. घराबाहेर पडलो की कधीच जोडला जात नाही. राउटरमध्ये ५१८२० या पोर्टचे फॉरवर्डिंग केले आहे, म्हणजे त्या क्रमांकाच्या दाराशी आलेली हाक सर्व्हरकडे वळवली आहे. बदलत्या पत्त्याला कायमचे नाव देणारी डायनॅमिक डीएनएस सेवाही घेतली आहे. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होणारा दिसतो. मी काय विसरलो आहे?
— एक वाचक, खारघर

उत्तर : आपण काहीही विसरलेला नाही. १००.७२ हे आकडे लिहून पाठवलेत, त्यामुळे निदान लगेच झाले. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली मुद्दाम एका कामासाठी राखून ठेवण्यात आले : इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्यासाठी. याला सीजीनॅट म्हणतात. आपल्या राउटरला मिळालेला पत्ता कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कपुरता आहे. बाहेरून कोणी आपल्या सार्वजनिक पत्त्यावर ५१८२० चे दार ठोठावले तर ती हाक कंपनीच्या यंत्रापाशी थांबते आणि ती शेकडो ग्राहकांपैकी कोणासाठी आहे हे त्या यंत्राला सांगितलेलेच नसते. आपल्या राउटरमधील फॉरवर्डिंगपर्यंत ती पोहोचतच नाही. घरच्या वाय-फायवर मात्र फोन थेट आतल्या आत सर्व्हरला भेटतो, म्हणून ती चाचणी यशस्वी ठरते. व्हीपीएनची चाचणी नेहमी फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर करावी.

कंपन्या असे करतात त्याला सबळ कारण आहे. आयपीव्ही४ मध्ये पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. जागतिक साठ्यातील शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा साठाही अखेरच्या राखीव गटापर्यंत आला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या किंवा वाढलेल्या कंपन्यांकडे प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र पत्ता देण्याइतके पत्ते नाहीत. म्हणून कंपनीच्या व्यवस्थापकाशी भांडण्यापेक्षा पुढील वाटांचा विचार करावा, असा माझा सल्ला आहे.

सर्वांत सरळ वाट म्हणजे स्थिर सार्वजनिक पत्ता, ज्याला सगळे ‘स्टॅटिक आयपी’ म्हणतात, तो शुल्क भरून मागून घेणे. स्थानिक कंपन्या तो बहुधा देतात. घेताना आपल्या योजनेच्या अटींत घरून सर्व्हर चालवण्यास मनाई नाही ना, तेही विचारून घ्यावे. सार्वजनिक पत्ता मिळाल्यावर डायनॅमिक डीएनएसची गरज उरत नाही आणि आपण केलेले बाकीचे सारे काम जसेच्या तसे उपयोगी पडते.

दुसरी वाट आयपीव्ही६ ची. ती विनामूल्य आहे आणि आपल्याकडे अनेकांच्या घरात नकळत येऊन बसलेली असते. भारतातील निम्म्याहून अधिक वापरकर्त्यांकडे आज आयपीव्ही६ आहे. त्यात मोबाइल नेटवर्कचा वाटा मोठा आहे, कारण २०१६ साली सुरू झालेल्या जिओने आपले फोर-जी जाळे आरंभापासूनच आयपीव्ही६ वर उभे केले. आपल्या कंपनीने राउटरला आयपीव्ही६ पत्ते दिले असतील तर घरातील प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता असतो आणि सीजीनॅटचा प्रश्नच येत नाही. राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल बाहेरून येणारे सारे अडवते. तिच्यात त्या एका संगणकासाठी यूडीपी (वायरगार्डची पॅकेटे ज्या पद्धतीने जातात ती) ५१८२० एवढीच वाट मोकळी करावी. फायरवॉल संपूर्ण बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. कंपनी पत्त्यांची मालिका अधूनमधून बदलत असल्यामुळे डायनॅमिक डीएनएसमध्ये आयपीव्ही६ ची नोंद आपोआप अद्ययावत होईल अशी व्यवस्था ठेवावी. ज्या कार्यालयात किंवा हॉटेलात आयपीव्ही६ नाही तिथून हा सर्व्हर दिसणार नाही. तिथे फोनचा हॉटस्पॉट वापरावा लागेल.

तिसरी वाट भाड्याच्या सर्व्हरची. घरचा संगणक आपण होऊन बाहेरच्या एका व्हीपीएसशी, म्हणजे डेटा सेंटरमधील भाड्याच्या आभासी सर्व्हरशी, जोडलेला राहतो आणि आपला फोनही त्याच व्हीपीएसला भेटतो. सीजीनॅट आतून बाहेर जाणाऱ्या जोडणीला हरकत घेत नाही. मात्र काही काळ शांतता पसरली की कंपनीचे यंत्र ती जोडणी विसरते, म्हणून घरच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंदांवर ठेवावे. व्हीपीएस मुंबई विभागातलाच घ्यावा. प्रकाश काचतंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. त्या हिशेबाने सिंगापूरपर्यंत जाऊन परत यायलाच निदान ४० मिलिसेकंद लागतात आणि प्रत्येक पॅकेट तो फेरा घालणार. खारघरहून अर्ध्या-पाऊण तासावर ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरांची रांग उभी असताना आपल्या घरची फाइल समुद्र ओलांडून यावी, हे मनाला पटत नाही. एक सावधगिरी येथे सांगायला हवी. साध्या मांडणीत व्हीपीएसवर पॅकेटे उलगडून पुन्हा गुंडाळली जातात, म्हणजे ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याला आतले वाचण्याची तांत्रिक शक्यता उरते. ती नको असेल तर व्हीपीएसकडून केवळ यूडीपी पॅकेटे पुढे ढकलण्याचे काम घ्यावे आणि कूटबद्धतेच्या किल्ल्या फक्त घरच्या संगणकावर व फोनवर ठेवाव्यात.

हे सारे जड वाटत असेल तर टेलस्केलसारखी सेवा आहे. आत वायरगार्डच आहे. दोन्ही बाजूंना एकाच वेळी बाहेर बोलायला लावून नॅटमधून, म्हणजे अनेकांना एका पत्त्यामागे बसवणाऱ्या यंत्रातून, थेट वाट काढण्याचे कौशल्य तिच्यात आहे. वाट निघाली तर आपल्याला १०० एमबीपीएस अपलोडचा पुरा लाभ मिळेल. नाही निघाली तर वाहतूक त्यांच्या मधल्या रिले सर्व्हरवरून जाते आणि वेग बराच पडतो. जोडणीची स्थिती पाहिली की ‘डायरेक्ट’ आहे की ‘रिले’, ते दिसते. आपल्याला ज्या दोन-तीन ठिकाणांहून घर गाठायचे असते तिथून ते आधी पडताळून पाहा आणि मगच इतर वाटांवर पैसे खर्च करा.

प्रश्न : ठाण्यात जांभळी नाक्यावर माझे दुकान आहे आणि राहायला मी कळव्यात आहे. दुकानात चार कॅमेरे आणि त्यांचे चित्रीकरण साठवणारा डीव्हीआर आहे. ते बसवणाऱ्याने राउटरमध्ये पोर्ट उघडून दिले, त्यामुळे फोनवर चित्र दिसते, पण चारही कॅमेरे एकत्र पाहिले की ते थिजते. तिथले अपलोड ५ एमबीपीएस आहे. व्हीपीएन घेतल्यास चित्र सुधारेल का?
— एक दुकानदार, ठाणे

उत्तर : चित्र सुधारणार नाही, तरीही व्हीपीएन घ्यावाच. फुल एचडी कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह एच.२६४ या चित्र आवळण्याच्या पद्धतीत साधारण २ ते ४ एमबीपीएस घेतो. चार कॅमेऱ्यांचे किमान ८ झाले आणि दार ५ चे आहे. डीव्हीआरमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा एक हलका प्रवाहही असतो, त्याला ‘सबस्ट्रीम’ म्हणतात. फोनवर चारही चित्रे पाहताना तो निवडावा आणि एखादे चित्र नीट पाहायचे असेल तेव्हाच त्या एकाचा मुख्य प्रवाह उघडावा. यंत्रात एच.२६५ या त्याहून नव्या पद्धतीची सोय असेल तर तो पर्याय लावल्याने तेवढ्याच चित्राला जवळपास निम्मा वेग पुरतो.

उघडे ठेवलेले पोर्ट मात्र आजच बंद करा. २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील असेच कॅमेरे आणि डीव्हीआर, कारखान्यातून आलेल्या पासवर्डांची यादी एकामागून एक लावून, ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या जोरावर अमेरिकेतील एका मोठ्या डीएनएस (संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या) कंपनीवर हल्ला करून अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे तासन्‌तास बंद पाडली. त्या यंत्रांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. डीव्हीआरमध्ये सहसा वायरगार्ड बसत नाही, म्हणून ते चालवू शकणारा राउटर दुकानात लावावा आणि कॅमेरे फक्त व्हीपीएनमधूनच दिसतील असे करावे. वायरगार्ड ओळखीच्या किल्लीशिवाय आलेल्या पॅकेटाला उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणी करणाऱ्याला तिथे काही आहे हेही समजत नाही. डीव्हीआरचा मूळ पासवर्ड बदलला नसेल तर तोही बदला.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून वाशीला राहतो. मुलगा म्हणतो की घरी व्हीपीएन सर्व्हर लावला की बाहेर आपली ओळख लपते. हे खरे आहे का, आणि आपल्या देशात ते कायदेशीर आहे का?
— एक ज्येष्ठ वाचक, वाशी

उत्तर : ओळख लपत नाही. घरच्या व्हीपीएनमधून बाहेर पडणारी वाहतूक आपल्या घरच्या जोडणीच्या पत्त्यावरून जाते आणि ती जोडणी आपल्याच नावावर आहे. लाभ वेगळा आहे. रेल्वे स्थानक, रुग्णालय, हॉटेल अशा ठिकाणच्या वाय-फायवर तिथल्या कोणाला आपण कोणत्या संकेतस्थळांवर जाता ते दिसत नाही. बँकेची संकेतस्थळे एचटीटीपीएसमुळे आधीच कूटबद्ध असतात, त्यामुळे पासवर्ड वाचवण्यासाठी व्हीपीएन अनिवार्य आहे असेही नाही. घरच्या डिस्कपर्यंत पोहोचणे आणि परदेशी गेल्यावर भारतातूनच उघडणारी काही संकेतस्थळे वापरणे, हे त्याचे खरे उपयोग आहेत.

स्वतःच्या कुटुंबासाठी व्हीपीएन चालवण्यावर देशात सरसकट बंदी नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा आणि व्हीपीएस पुरवणाऱ्यांना ग्राहकांची नावे, पत्ते आणि दिलेले आयपी पत्ते पाच वर्षे जतन करावे लागतात. लोकांना सेवा पुरवणाऱ्यांसाठी असलेला तो नियम घरच्या वापराला लागू होत नाही. आपण भाड्याने व्हीपीएस घेतला तर त्या कंपनीकडे मात्र आपली नोंद राहील. जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी व्हीपीएन वापरावर तात्पुरती बंदी घातलेली आहे. तिकडे प्रवास करताना स्थानिक आदेश पाहून घ्यावा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्या सर्व्हरची किल्ली शेजाऱ्याला, मुलाच्या मित्राला, कोणालाही देऊ नका. त्यांनी त्यातून जे काही केले ते आपल्या जोडणीवरून झाल्याचे दिसेल आणि विचारणा झाली तर ती आपल्याकडे होईल. कुटुंबातील प्रत्येक फोनला वेगळी किल्ली द्यावी, म्हणजे एखादा फोन हरवल्यास तेवढी एकच किल्ली रद्द करता येते.

प्रश्न : ऐरोलीत पावसाळ्यात वीज गेली की माझा सर्व्हर बंद पडतो आणि परत आल्यावर कधी कधी सुरूच होत नाही. सर्व्हर म्हणजे रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आहे. बॅटरीवर ठेवण्याइतका खर्च योग्य ठरेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : योग्य ठरेल. रास्पबेरी पाय ४ पाच वॅटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे महिन्याला साडेतीन-चार युनिट. राउटर आणि ओएनटी धरूनही एकूण भार २५ वॅटच्या आत राहील. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस राउटरला आणि ओएनटीला पुरतो. पायला पाच व्होल्ट लागतात, त्यामुळे तो पर्याय असलेलाच यूपीएस घ्यावा. परत सुरू न होण्याचे कारण बहुधा मेमरी कार्ड आहे. लिहिणे चालू असताना वीज गेली की त्यावरील फाइल व्यवस्था बिघडते. कार्डाऐवजी यूएसबीला जोडलेली एसएसडी वापरली तर हा त्रास बराच कमी होईल, आणि मांडणीची एक प्रत दुसरीकडे जपून ठेवली तर उरलेलाही निभावेल.

घरात सारे बॅटरीवर ठेवूनही इंटरनेट जात असेल तर जिन्यातील किंवा गच्चीवरील कंपनीची पेटी पाहा. तिच्यातील स्विच सोसायटीच्या साध्या प्लगवर लावलेला असतो आणि वीज गेली की तो सर्वांत आधी बंद होतो. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी जनरेटर असेल तर त्याच्या जोडणीवर ती पेटी घेण्याचा अर्ज समितीकडे द्यावा. पाऊस सुरू होण्याआधी दिलात तर बरे.